बत्तिशीकरांची न निघणारी कवळी

'बत्तिशीकर' हे काही त्यांचे खरे आडनाव नव्हते. खरे आडनाव दारावरच्या पाटीवर होते. पण त्या पाटीवर प्लास्टरची धूळ इतकी बसली होती की टपाल टाकणारासुद्धा ते वाचण्याच्या भानगडीत पडत नसे. घराच्या मागच्या खोलीत ते दातांच्या दवाखान्यांसाठी कवळ्या बनवीत. दवाखान्यातून कुणाच्या तरी हिरड्यांचा ठसा यायचा. त्यात प्लास्टर ओतून ते साचा काढीत, साच्यावर मेण चढवीत, मेणात एकेक दात रोवीत आणि शेवटी मेणाच्या जागी गुलाबी प्लास्टिक भरून अशी कवळी घडवीत की, ती ज्याच्या तोंडी जाई तो गृहस्थ आठवडाभर विनाकारण हसत फिरे. "बत्तिशी कसली? कवळीत दात अठ्ठावीसच असतात," असे ते टोपणनाव घेणाऱ्यांना ऐकवीत. लोक म्हणत, "उरलेले चार तुमच्या जिभेला फुटलेत."

खिडकीखाली लांब टेबल, त्यावर मेण कोरायच्या सुऱ्या, स्पिरिटचा दिवा, चकाकी आणणारे फिरते चाक. आणि समोरच्या फळीवर प्लास्टरच्या जबड्यांची रांग. निवृत्त न्यायाधीश, बँकेचे मॅनेजर, गायनशिक्षिका, शहरातली निम्मी प्रतिष्ठा त्या फळीवर जबडा वासून बसलेली असे. कोण समारंभात ओठ मिटूनच का हसतो, हे बत्तिशीकरांना नेमके ठाऊक होते. आणि अशी गुपिते आपण कधीही फोडत नाही, हे ते येईल त्याला उदाहरणांसह आणि नावानिशी पटवून देत.

फळीच्या वर त्यांनी स्वतःच्या वळणदार अक्षरात एक सूचना लिहून लावली होती: 'झोपताना कवळी काढावी. घासून स्वच्छ पाण्यात ठेवावी. हिरड्यांनाही रात्र असते.' शेवटच्या वाक्यावर त्यांचा फार जीव. कुणी कवळी दुरुस्तीला घेऊन आला की आधी प्रवचन, मग दुरुस्ती. "पायात जोडे घालून झोपता का? नाही ना? मग तोंडात दात घालून का झोपता?" समोरचा ओशाळून मान खाली घाली.

ते स्वतः मात्र तोंडात दात घालून झोपत. दुसऱ्या सांगे ब्रह्मज्ञान आणि आपण कोरडे पाषाण, ही म्हण ज्याने केली त्याने बहुधा कवळ्या बनवणारा पाहिला असावा.

याची सुरुवात झाली ती त्यांच्या किडन्यांपासून. दोन्ही किडन्यांनी हळूहळू अंग काढून घेतले तेव्हा त्यांच्या पत्नीने आपली एक किडनी त्यांना द्यायचे ठरवले. बाई मितभाषी. ठरवताना एवढेच म्हणाल्या, "दोन आहेत. एकीवर चालतं म्हणतात." शस्त्रक्रियेआधी किडनीच्या डॉक्टरांनी समजावले की, यापुढे जन्मभर कॅप्सूल घ्याव्या लागतील. शरीराचा पहारेकरी नव्या किडनीला परकी समजून हाकलायला धावेल, म्हणून त्या कॅप्सूलने त्याला गुंगीत ठेवायचे. पण पहारेकरी पेंगला की चोरांचेही फावते. तेव्हा तोंडात, दाताच्या मुळाशी कुठे पू दडलेला असेल तर तो आधीच निपटायला हवा.

बत्तिशीकरांना दातांच्या दवाखान्यात पाठवले गेले. तिथली तरुण डॉक्टरीण कवळ्या त्यांच्याकडूनच करून घेई आणि त्यांना काका म्हणे. तिने दिवा जवळ ओढून आत पाहिले. दिव्याखालचा अंधार तिच्या नजरेला पडला होता. "काका, यातला एकही दात ठेवण्यासारखा नाही," ती म्हणाली.

दुसरा कुणी असता तर रडला असता. बत्तिशीकरांच्या अंगात कारागीर संचारला. दात काढण्यापूर्वीच त्यांनी स्वतःच्या तोंडाचे माप घेतले, पुढच्या दातांना वयाला शोभेल असा किंचित पिवळेपणा दिला, एक दात मुद्दाम जरासा तिरपा बसवला, आणि ज्या खुर्चीवर दात गेले त्याच खुर्चीवर नवी कवळी चढवून ते उठले. बाहेर बाकावर बाई बसल्या होत्या. "झालं?" त्यांनी विचारले. बत्तिशीकर हसले. ते हसू त्यांच्या आयुष्यातले सर्वोत्तम काम होते. तेव्हापासून बाईंनी त्यांना कवळीविना कधी पाहिले नाही. कवळी घासायची ती न्हाणीघरात, आतून कडी लावून. आणि चूळ भरून तीच पुन्हा तोंडात.

या लपवाछपवीला कारण होते. कवळी काढून ते आरशासमोर उभे राहिले की काचेतून त्यांची आई बघे. तीच आत गेलेली गालफडे, तोच नाकाकडे झेपावणारा हनुवटीचा टोकदार कोन. आणि ही माऊली हयात असेतो, दोन वेळच्या जेवणात पहिला घास गिळायच्या आधी सुनेला म्हणत आली होती, "मीठ कमी आहे." मीठ असो वा नसो. बाईंनी सगळे निमूट ऐकले होते. सासूबाई गेल्यावर दोन दिवस त्यांनी मिठाच्या बरणीकडे नुसते पाहिलेही नव्हते. तेव्हा बायकोची किडनी पोटात घेताना बत्तिशीकरांना तिळमात्र संकोच वाटला नाही; पण तिच्यासमोर तिच्या सासूचे तोंड घेऊन बसायचे, हे त्यांच्याने होणे नव्हते.

शस्त्रक्रिया उत्तम झाली. घरात नवा विनोद सुरू झाला. बाई किडनीला 'लेक' म्हणू लागल्या. "माझी लेक तुमच्या घरी दिलीय. नीट नांदवा." सकाळ-संध्याकाळ त्या स्वतः कॅप्सूल आणि पाण्याचा पेला घेऊन येत आणि घोट गळ्याखाली उतरेपर्यंत समोर उभ्या राहत. तपासणीलाही बरोबर येत. डॉक्टर विचारीत, "तोंडात काही त्रास? कवळी काढा, एकदा बघतो." बत्तिशीकर ऐटीत सांगत, "डॉक्टर, कवळीचं माझ्यावर सोडा. मी कधी किडनीचं तुम्हाला विचारतो का?" खोलीत हशा पिके आणि तोंड उघडायचे राहून जाई.

मग एके दिवशी टाळूला झोंबू लागले.

झोंबणे म्हणजे काय, याबद्दल बत्तिशीकरांच्या मनात शंका नव्हती. आयुष्यभर त्यांनी एकच सिद्धान्त मांडला होता: कवळी घालणाऱ्याच्या तोंडात जे काही दुखते, ते फिटिंगमुळे दुखते. त्यांनी मागच्या खोलीला कडी लावली, कवळी काढली आणि दुखत्या जागेवरचे प्लास्टिक कानशीने घासले. दोन दिवस बरे वाटल्यासारखे वाटले. मग दुसरीकडे झोंबू लागले. त्यांनी दुसरीकडे घासले. मग कवळी सैल झाली, म्हणून आतून मऊ अस्तर चढवले. अस्तराने आणखी झोंबले, म्हणून अस्तर खरवडले. आपले घर जळते आहे म्हणून एखाद्याने दाराच्या बिजागऱ्यांना तेल घालीत बसावे, तसे त्यांचे चालले होते. पण तेल उत्तम प्रतीचे होते, हे मान्य करायला हवे.

पुढे अन्नाची चव गेली. बाई वाढीत, ते दोन घास पाण्याबरोबर लोटीत आणि म्हणत, "उत्तम झालंय." घास गिळताना घशात काटा सरकल्यासारखे वाटे.

"खरंच उत्तम झालंय?" बाईंनी एकदा विचारले.

"फक्कड."

बाई ताट उचलून आत गेल्या.

शेवटी एका दुपारी त्यांनी खिडकीच्या उजेडात आरसा धरला आणि आ वासला. जिभेवर, गालांच्या आत, विरजण लागल्यासारखे पांढरे ठिपके. फडक्याने पुसले तर खाली लालभडक मांस, आणि त्यातून रक्ताचा थेंब. टाळूवर तर कवळीचा नकाशाच उमटला होता. जिथवर कवळी, तिथवर लाल. ही फिटिंगची भानगड नव्हे, एवढे त्यांना कळले. आयुष्यभराचा सिद्धान्त असा आपल्याच तोंडात आपटल्यावर माणसाने काय करावे? बत्तिशीकरांनी दुसरा सिद्धान्त शोधला. कॅप्सूलच्या खोक्यात बारीक अक्षरांचा कागद असतो, तो त्यांनी भिंग लावून वाचला. त्यात कुठेतरी होते की, प्रतिकारशक्ती दबल्यामुळे तोंडात बुरशी वाढू शकते. सापडला चोर! दोष कॅप्सूलचा. कवळी निर्दोष.

आता सरळ मार्ग हा होता की डॉक्टरांना सांगावे. पण सांगायचे म्हणजे तोंड उघडायचे, तोंड उघडायचे म्हणजे कवळी काढायची, आणि शेजारच्या खुर्चीत बाई. त्या तरुण डॉक्टरणीकडे एकट्याने जावे, तर तिची आणि बाईंची फोनवर गट्टी. शिवाय कवळ्यावाल्याच्याच तोंडाला बुरशी लागली, ही बातमी दवाखान्यांत पसरायला किती वेळ? फळीवरचे सगळे जबडे एकदम हसले असते. तेव्हा, चार दिवस कॅप्सूल बंद ठेवून बुरशीचा काटा काढावा आणि मग पुन्हा चालू करावी, असे त्यांनी ठरवले. अडचण एकच होती. बाई घोट उतरेपर्यंत समोर उभ्या राहत.

इथे मात्र त्यांची कारागिरी अशी काही कामाला लागली की, एवढी अक्कल त्यांनी कुठे सत्कारणी लावली असती तर! वरच्या कवळीच्या आतल्या अंगाला, टाळूच्या बरोबर मधोमध, त्यांनी कॅप्सूलच्या मापाची एक पोकळी कोरली. तोंडात कॅप्सूल गेली की जिभेने मागची कडा किंचित खाली ओढायची, कॅप्सूल आत सरकवायची, कडा वर दाबायची, पाणी प्यायचे आणि "हं" म्हणायचे. मग न्हाणीघर.

पहिल्या दिवशी युक्ती साधली. दुसऱ्या दिवशीही साधली. बाईंनी रिकामा पेला घेतला आणि विचारले, "लेक कशी आहे?"

"मजेत," बत्तिशीकर म्हणाले, आणि त्यांना पहिल्यांदाच आपल्या पोटाकडे बघवेना.

तिसऱ्या दिवशी सकाळी कॅप्सूल जेमतेम पोकळीत बसली आणि दारात मेहुणे हजर. मेहुणे म्हणजे बाईंचे धाकटे भाऊ. विमा विकून निवृत्त झालेले. आता सल्ला देत आणि तो मात्र फुकट. त्यांच्या हातात काळपट काढ्याची बाटली होती.

"भाऊजी, अर्धे झालात की हो! ताई, तुझं लक्ष कुठंय?" त्यांनी खुर्ची ओढली. "हे घ्या. रोज दोन चमचे. प्रतिकारशक्ती अशी उसळते की बघतच राहाल. आमच्या वरच्या मजल्यावरचे तर जिने धावत चढतात."

"अरे, त्यांची प्रतिकारशक्ती दाबायलाच तर औषध चालू आहे," बाई म्हणाल्या. "डॉक्टरांनी बजावलंय, विचारल्याशिवाय काही घ्यायचं नाही."

"दाबायला?" मेहुण्यांनी कपाळाला हात लावला. "ताई, लोक वाढवायला मरतात आणि तुम्ही दाबताय? डॉक्टर लोकांचं काय, ते बोलतात. चमचा आण."

ज्या पहारेकऱ्याला दोन वेळा गुंगी देऊन निजवायचे, त्यालाच चमच्याने हलवून उठवायला निघालेला हा दुसरा शहाणा. एरवी बत्तिशीकरांनी मेहुण्यांचे दात त्यांच्याच घशात घातले असते. पण आज त्यांच्या स्वतःच्या दातांचा प्रश्न होता. कॅप्सूलचे कवच लाळेने विरघळू लागले होते आणि सोललेल्या टाळूवर निखारा ठेवल्यासारखे झोंबत होते. त्यांनी उठायचा प्रयत्न केला.

"बसा हो. न्हाणीघर कुठं पळून जातंय?" मेहुण्यांनी त्यांना खांदा धरून बसवले. "निदान 'हो' तरी म्हणा."

कवळीचा एक साधा नियम आहे आणि बत्तिशीकरांनी तो शेकडो जणांना शिकवला होता: कवळी टाळूला घट्ट लागलेली असते, मध्ये हवा नसते, म्हणून ती टिकते. मधोमध पोकळी ठेवाल तर ती कोणत्या क्षणी दगा देईल, सांगता येत नाही. मेहुण्यांना झापण्यासाठी त्यांनी तोंड उघडले, "तुम्हाला कोणी सांगितलं—" आणि वरची कवळी अलगद सुटून समोरच्या बशीत पडली. खणकन आवाज झाला. ती उलटी पडली होती. चौदा दात खाली, गुलाबी पोट वर, आणि पोटाच्या मधोमध अर्धवट विरघळलेली कॅप्सूल.

"ताई! भाऊजींचे दात पडले!" मेहुणे ओरडले.

बाई दातांकडे पाहत नव्हत्या. त्यांनी पुढे होऊन बशी उचलली, उजेडाकडे धरली. दिवसातून दोनदा त्या जी कॅप्सूल स्वतःच्या बोटांनी काढून देत, ती ओळखायला त्यांना चष्मा लागला नाही.

"किती दिवस?"

बत्तिशीकरांनी तोंडावर हात धरून काहीतरी सांगितले. वरच्या दातांविना ते कुणालाच कळले नाही. त्यांनी तीन बोटे दाखवली.

"मला वाटलं, माझीच किडनी तुम्हाला मानवत नाही," बाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. म्हणून तो ऐकवत नव्हता. "जेवण जाईना तुम्हाला. आठ दिवस भाजीत मिठाचा कणही घातला नाही मी, परीक्षा म्हणून. तुम्ही म्हणायचात, फक्कड. मी रोज इथं हात ठेवून," त्यांनी आपली कूस दाबली, "उरलेलीला विचारत होते, बाई गं, तुझी बहीण का रुसलीय? आणि इथं लेकीचं खाणंपिणंच बंद केलं होतं तुम्ही. माझं पोट फाडून दिलं तेव्हा मी लाजले नाही हो. तुम्हाला तोंड उघडायची लाज वाटली?"

मेहुण्यांनी काढ्याची बाटली हळूच पिशवीत सरकवली. त्यांच्या हयातीत त्यांनी परत नेलेली ही पहिली वस्तू.

तासाभरात बत्तिशीकर डॉक्टरणीच्या खुर्चीवर होते. खालची कवळीही बाईंच्या समोरच काढावी लागली. डॉक्टरीण आत पाहता पाहता म्हणाली, "काका, ही बुरशी थोडीफार सगळ्यांच्याच तोंडात असते. शरीराचा पहारा असतो तोवर ती गप्प बसते. तुमचा पहारेकरी आपण मुद्दाम निजवलाय. म्हणून तर जास्त जपायचं. तुम्ही तिला चोवीस तास बंद, ओली, उबदार खोली दिलीत, वर गुलाबी छत घातलंत. घशापर्यंत उतरलीय." ती जरा थांबली. "माझ्या प्रत्येक पेशंटला मी तुमचं वाक्य ऐकवते. हिरड्यांनाही रात्र असते."



औषध लिहिण्याआधी तिने किडनीच्या डॉक्टरांना फोन लावला. बुरशीवरच्या काही गोळ्यांनी त्या कॅप्सूलचे रक्तातले प्रमाण भलतेच वाढते, म्हणून दोघांनी मिळून ठरवायचे होते. बोलणे झाल्यावर तिने फोन बत्तिशीकरांच्या कानाला लावला. पलीकडून एकच प्रश्न आला, "काय, आता किडनीचं तुमच्यावर सोडू?" उत्तर द्यायला तोंडात दात नव्हते. "आत्ताच्या आत्ता रक्त तपासायला या," डॉक्टर म्हणाले.

तपासणीचा निकाल येईपर्यंत दोघे बाकावर बसून होती. बाईंचा एक हात स्वतःच्या कुशीवर होता, आणि दुसरा, त्यांच्याही नकळत, नवऱ्याच्या पोटावर, जिथे लेक होती तिथे. किडनीचे काम कसे चालले आहे ते सांगणारा, चढला की वाईट असा रक्तातला आकडा थोडा वर सरकला होता. थोडाच. डॉक्टरांनी बत्तिशीकरांना जे सुनावले ते इथे देण्यासारखे नाही; सारांश असा की, अशा कॅप्सूलशी चार दिवसांची लपाछपी म्हणजे किडनीशी कायमची फारकत ठरू शकते, आणि यावेळी नशीब बायकोच्या बाजूने होते.

घासून घासून आणि अस्तरे चढवून जुन्या कवळीची चाळण झाली होती, आणि प्रत्येक भोकात बुरशीचे बिऱ्हाड. डॉक्टरणीने ती टाकून द्यायला लावली. तोंड बरे झाल्याशिवाय नवी नाही, अशी ताकीद दिली. झाकली मूठ अशी उघडल्यावर बत्तिशीकरांनी दोन दिवस तोंडाला रुमाल बांधून कवळ्या बनवल्या. तिसऱ्या दिवशी बाईंनीच तो ओढून काढला.

त्यांनी नवऱ्याला नीट न्याहाळले. डावीकडून, उजवीकडून. मग पदर तोंडाशी धरला; पण हसू दाबले जाईना.

"अगदी सासूबाई!" त्या म्हणाल्या. "हुबेहूब. तोंड तेवढं उघडू नका, नाहीतर उठून पाया पडावं लागेल मला."

ज्या गोष्टीला घाबरून त्यांनी एवढा उत्पात मांडला होता, ती अशी पाच मिनिटांत हसण्यावारी गेली. बत्तिशीकरांना सुटल्यासारखे वाटले, आणि थोडा अपमानही वाटला. इतक्या मेहनतीने जपलेल्या गुपिताची ही किंमत!

रोज चार वेळा औषधाचे थेंब तोंडात फिरवायचे, मऊ ब्रशने जीभ साफ करायची, आणि कॅप्सूल बाईंसमोर, बोळके तोंड उघडून दाखवून गिळायची, असा क्रम लागला. कॅप्सूल गिळल्यावर त्या बॅटरी मारून टाळूसुद्धा तपासत. रक्तातला आकडा पुन्हा जागेवर आला. पांढरे ठिपके विरले. पण चव काही परतली नव्हती. बाई रोज मऊ काहीतरी शिजवून वाढीत, समोर बसून बघत, आणि बत्तिशीकर आता "उत्तम" म्हणायचे धाडस करीत नसत. ते खरे तेच सांगत, "काही कळत नाही."

एका दुपारी त्यांनी घास घेतला, टाळूवर घोळवला आणि थांबले. कपाळाला आठी पडली. गालफडे आत ओढली गेली, हनुवटी वर आली. वाक्य ओठांवर आले आणि ते दचकले. बाईंकडे त्यांनी चोरून पाहिले. पण खोटे बोलायची आता सोय नव्हती.

"मीठ कमी आहे," बत्तिशीकर म्हणाले.

बाईंनी हातातला डाव खाली ठेवला. ज्या तीन शब्दांनी त्यांच्या संसाराची निम्मी वर्षे खाऊन टाकली होती, तेच शब्द, त्याच तोंडातून, त्याच सुरात. त्यांचे डोळे भरून आले.

"कमी नाही," त्या म्हणाल्या, "घातलंच नव्हतं. पुन्हा म्हणा बघू."